दर सोमवारचा भरणा

छोट्या धंदेवाल्याने पगारावरचा कर किती वेळा भरायचा असतो, या एका विषयात मी भल्याभल्यांना पाणी पाजीन. बाकी माझं शिक्षण यथातथाच. सरकारी भाषा मी जुनी शिवण उसवावी तशी एकेक धागा ओढत शिकले. तर उत्तर असं: कामाला एखाददुसरं माणूस असेल तर तीन महिन्यांतून एकदा. माणसं वाढली की महिन्याला. आमच्याकडे कामाला एकच माणूस होतं, आणि आम्ही दर सोमवारी भरत होतो.

धंदा म्हणाल तर पडद्यांचा. घराची पुढची खोली, एक मशीन, कापायचं टेबल, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत आमच्या थोरल्या जाऊबाई. मी टीप मारायची, त्यांनी हाताने कड घालायची. त्यांचा टाका पडदा उलटा केला तरी सापडत नसे. वाकडं मात्र त्यांना जगातलं काहीही दिसे. भिंतीवरचं कॅलेंडर, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, माझा भांग. मी लग्न होऊन घरात पाऊल टाकलं तेव्हा त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं "धाकटे, भांग वाकडा आहे" हे होतं. दुसरं बोलणं व्हायला पुष्कळ दिवस लागले, कारण मी रुसले होते.

त्यांच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, एक लांबलचक शब्द उच्चारला, आणि आमच्याकडे न बघता टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. पेपरवेट गोल होता. गोल पेपरवेट सरळ कसा करतात ते मला अजून कळलेलं नाही, पण तेवढ्यावरून बाकीचं कळलं. जाऊबाईंनाही कळलं असावं. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरा आहे माणूस. पण कोटाचं वरचं बटण दुसऱ्या दोऱ्याने लावलंय."

उपचार कामगारांच्या दवाखान्यात होणार होते, आणि तिथे कार्ड लागतं. कार्ड कुणाला? तर जो कुठेतरी रीतसर पगारावर आहे, आणि ज्याच्या पगारावरचा कर वेळच्या वेळी भरला जातो, त्याला. जाऊबाई आमच्याकडे पगारावर होत्या, पण रीतसर नव्हत्या. मोठे दीर गेल्यावर त्यांनी एकदाच स्पष्ट सांगितलं होतं की मी कुणापुढे हात पसरणार नाही. काम करीन, आणि दर शनिवारी माझ्या हातात पगार पडला पाहिजे. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी तो द्यायची, त्या मोजायच्या, आणि मोजून झाल्यावर "बरोबर आहे" असं प्रत्येक वेळी थोडं आश्चर्याने म्हणायच्या.

तेव्हा धंदा रीतसर करायचा ठरला. आता आपल्या घरात काही ठरलं की ते जिन्यात आधी कळतं. तळमजल्यावरचे काका वर आले. काका बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँकेला अजून ते ठाऊक नसावं अशा थाटात बोलायचे. "पगारावरचा कर? दर महिन्याला. चुकलात की दंड, आणि दंड चुकला की दंडावर दंड," ते म्हणाले. समोरची शिकवणीवाली म्हणाली, "छे, वर्षातून एकदा. माझ्या भावाचं तसंच आहे." तिच्या भावाचा धंदा काय, असं विचारल्यावर तो नोकरीत असल्याचं निघालं. कोपऱ्यावरचा किल्लीवाला काकांचं कुलूप दुरुस्त करायला आला होता, तोही उंबऱ्यात थांबला. "मी आजवर एकदाही भरला नाही," तो म्हणाला, "आणि मला एकदाही कुणी विचारलं नाही." यावर काकांनी त्याला आदराने उंबऱ्यातून आत वाट करून दिली.

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "जे काय असेल ते नियमाप्रमाणे असेल," असा निर्वाळा दिला आणि ते आंघोळीला गेले.

पुढची अडचण म्हणजे मालक कोण? अर्जावर एक नाव मालकाच्या रकान्यात लिहायचं, एक नोकराच्या. मी म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही मोठ्या. तुम्ही मालक व्हा."

"आणि कार्ड तू घेणार? तुझ्या पोटात काय आहे, भूक?" त्या म्हणाल्या. "मी नोकर. लिही."

"मला नाही बाई लिहवत."

"एवढी वर्षं माझं ऐकलंस, हे शेवटचं ऐक. उद्यापासून मी तुझं ऐकीन. कागदावर."

तर अशी मी कागदावर मालकीण झाले. त्या दिवसापासून जाऊबाई मला "मालकीणबाई" म्हणू लागल्या, आणि ते अशा सुरात, की "मालकीणबाई, चहा टाका" हे ऐकताच मालकीण निमूट उठून चहा टाकायची.

कर भरायचं ऑफिस म्हणजे एक लांब खोली, भिंतीला टेकून बाकं, समोर काचेच्या खिडक्या, पैकी एक उघडी. खिडकीत निळा स्वेटर घातलेले एक गृहस्थ. त्यांच्यासमोर शिक्क्यांचा स्टँड होता आणि त्यावर इतके शिक्के लटकत होते की जाऊबाईंनी तिथल्या तिथे त्यांचं नाव शिक्केवाले ठेवलं.

"नोकराशी नातं?" शिक्केवाल्यांनी विचारलं.

"जाऊ," मी म्हटलं, आणि घाबरून पुढे म्हणाले, "नात्यातलं माणूस चालतं ना?"

"चालतं. पण खरोखर काम करत असलं पाहिजे. नुसतं कार्डासाठी नाव लावलेलं आढळलं तर कार्ड जातं." त्यांनी चष्म्यावरून जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. आधी नजर खाली घातली ती शिक्केवाल्यांनी.

"पगार कधी देता?"

आता इथे मी "महिन्याला" म्हणणार होते. काकांनी तसं पढवून पाठवलं होतं. "म" माझ्या ओठांवर आलाही होता. तेवढ्यात जाऊबाई खिडकीत वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दर शनिवारी. हातात."

शिक्केवाल्यांनी एका चौकटीत खूण केली. "मग भरणा दर सोमवारी."

"तीन महिन्यांनी नाही का हो? किंवा महिन्याने?" मी विचारलं.

"पगार महिन्याने दिलात तर तीन महिन्यांनी भरायचा. तुमच्यासारख्या छोट्या धंद्याला तीच सोय आहे. पण दर आठवड्याला पगार देणाऱ्याने दर आठवड्याला भरायचा. नियम आहे." त्यांनी पोचपावतीवर शिक्का मारला.

जाऊबाईंनी पावती हातात धरली, लांब केली, जवळ आणली. "वाकडा आहे, भाऊ."

"काय?"

"शिक्का. डावीकडे उतरलाय. दुसरा मारा."

बाकांवरच्या लोकांनी माना उंचावल्या. सरकारला इतक्या थेट भाषेत कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नसावं. शिक्केवाल्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं, पॅड उघडलं आणि शेजारी दुसरा मारला. तोही वाकडाच होता, पण दुसऱ्या बाजूला. "आता तोल सांभाळला," असं म्हणून जाऊबाईंनी पावती पर्समध्ये टाकली.

तेव्हापासून आमचे सोमवार लागले. बसने जायचं, बाकावर बसायचं, नंबर आला की खिडकीशी जायचं, शिक्का वाकडा निघायचा, दुसरा मारून घ्यायचा. मी कपाळाला आठ्या घालून बसायची, घरी कापड पडून राहिलंय म्हणून. जाऊबाई मात्र सकाळपासून तयार. चांगली शाल, केस नीट, पर्समध्ये बडीशेपेची डबी. बाकावरच्या सगळ्यांची त्यांनी माहिती काढली. बेकरीवाल्याची मुलगी रुसून गेलीय, छापखानेवाल्याला गुडघा त्रास देतोय, आणि शिक्केवाल्यांचा स्वेटर त्यांच्या बायकोने विणलेला असून ती आता हयात नाही, म्हणून कोपरावर उसवलेला असूनही ते तो बदलत नाहीत. पुढच्या सोमवारी जाऊबाईंनी सुईदोरा आणला आणि खिडकीतून त्यांचा हात बाहेर मागवला. शिक्केवाले एका हाताने शिक्के मारत राहिले, आणि दुसरा हात खिडकीबाहेर दुरुस्त होत राहिला. मी मात्र शरमेने छापखानेवाल्याच्या गुडघ्याकडे बघत बसले.

या सोमवारांपायी धंदा मार खाऊ लागला. दातांच्या डॉक्टरांचे पडदे अडले. माप घ्यायला त्यांनी नेमका सोमवार दिला होता. तळमजल्याचे काका म्हणाले, "मी जातो ना! माप म्हणजे काय, आकडाच की." गेले, आकडा आणला, मी पडदे शिवले. लावल्यावर कळलं की काकांनी नुसत्या काचेचं माप घेतलं होतं. चौकट त्यांच्या हिशेबात खिडकीत धरत नाहीत. पडदे खालून आखूड पडले, आणि रस्त्याने जाणाऱ्यांना खुर्चीतल्या माणसाचे फक्त पाय दिसू लागले. दात काढताना माणसाचे पाय काय काय करतात हे आपल्याला एरवी माहीत नसतं. ते आता सगळ्या रस्त्याला माहीत झालं. फुटपाथवर माणसं थांबू लागली. डॉक्टरांचे पेशंट निम्म्यावर आले.

"पडदे नेऊन खाली पट्टी लावा," डॉक्टर मला म्हणाले. "लवकर लावा. काल एकजण माझ्या दारापर्यंत आला, पाय बघितले आणि परत गेला."

पडदे परत आणले. पट्टी कापली. मी मशीनवर जोडून देते म्हटलं तर जाऊबाई म्हणाल्या, "दे इकडे. मशीनची टीप दिसेल, चूक झाली होती हे जगाला कळेल. मी हाताने लावते." त्यांचा हात आता सावकाश चालत होता. एक टाका, मग थोडं थांबणं, मग दुसरा. मी नुसती सुईत दोरा ओवून देत राहिले. बोलले असते तर माझा भांग वाकडा निघाला असता.

आणि मग तो सोमवार आला, ज्या सोमवारी ऑफिसच्या दाराला चिठ्ठी होती: रंगकाम चालू असल्यामुळे खिडकी बंद. आम्ही मंगळवारी गेलो, भरणा केला, वाकडे दोन शिक्के घेतले, घरी आलो. गुरुवारी जाऊबाईंना कळ आली. उठता येईना. टॅक्सी करून कामगारांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी कार्ड यंत्राला लावलं, परत लावलं, आणि म्हणाल्या, "कार्ड झोपलंय."

"म्हणजे?"

"बंद आहे. या आठवड्याचा भरणा उशिरा आलाय."

"मग उठवा त्याला!"

"ते इथून उठत नाही. तुमच्या ऑफिसातून उठतं."

जाऊबाईंना बाकावर आडवं केलं, माझी पर्स त्यांच्या डोक्याखाली दिली, तिथल्या आयाबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं, आणि मी धावले. माझं वय धावायचं नाही, चपलाही धावायच्या नव्हेत, एक वाटेतच राहिली. शिक्केवाल्यांच्या खिडकीशी मी एका चपलेनिशी पोचले आणि आयुष्यात प्रथमच सरकारवर ओरडले. "तुमच्याच खिडकीला रंग लावत होते! आम्ही आलो होतो! मग उशीर आमचा कसा?"

"खिडकी बंद होती," ते हळूच म्हणाले, "पण मुदत बंद नव्हती." बहुधा असं त्यांना वरून सांगायला शिकवलेलं असावं, कारण बोलताना त्यांचं तोंड कडू झालं होतं. मग त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "त्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. ते उठले. त्या खिडकीत इतक्या सोमवारांत मी त्यांना प्रथमच उभं पाहिलं. माणूस चांगलाच उंच निघाला. आत जाऊन कुणाशी तरी बोलले, परत आले, म्हणाले, "उठलं. जा." मी वळले तर मागून म्हणाले, "बाई, तो अर्ज घेऊन जा. पगार महिन्याचा करून घ्या, म्हणजे भरणा तीन महिन्यांनी. दर आठवड्याला हा जिवाला घोर नको. फक्त नोकराची संमती लागते. सही आणा."

अर्ज मी जपून आणला. जाऊबाईंना दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. खिडकीशेजारची खाट मिळाली होती. दोन दिवसांनी जरा बऱ्या वाटल्या तेव्हा मी तो काढला, पेन पुढे केलं. मनात म्हटलं, एकदाचं काहीतरी शहाणपणाचं करतेय.

"काय आहे?"

"तुमची संमती. पगार शनिवारऐवजी महिनाअखेरीला. मग मला दर सोमवारी तुम्हाला सोडून जावं लागणार नाही. कार्ड झोपायची भीती नाही. काकाही म्हणाले, शहाणी माणसं असंच करतात."

जाऊबाईंनी पेन घेतलं. चष्मा लावला. अर्ज वाचला, म्हणजे वाचल्यासारखं बराच वेळ धरला. मग पेनाचं टोपण परत लावलं.

"महिनाअखेर लांब आहे गं, धाकटे," त्या म्हणाल्या. "शनिवार कसा, हाताशी असतो."

मी अर्जाची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. आम्ही दोघी ते चाक पार टोकापर्यंत जाईस्तोवर ऐकत राहिलो. अर्ज मी नंतर फाडला. शहाण्या माणसांचं त्यांना लखलाभ.

तर हे असं आहे. छोट्या धंदेवाल्याने तीन महिन्यांतून एकदा भरायचा असतो, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. शनिवारी मी खाटेशी बसून पगार द्यायची, त्या मोजायच्या, "बरोबर आहे" म्हणायच्या. सोमवारी मी एकटी बसने जायची. परत आले की खाटेवरून पहिला प्रश्न, "बेकरीवाल्याची पोर आली का परत?" दुसरा प्रश्न, "शिक्का?" मी पावती पुढे करायची. त्या बघायच्या, "आज उजवीकडे," म्हणायच्या, आणि बरं वाटल्यासारख्या डोळे मिटायच्या. मी त्यांच्यासाठी बाकावरच्या सगळ्यांची खबर काढू लागले. एरवी मी तोंड न उघडणारी बाई, आता छापखानेवाल्याला स्वतःहून विचारू लागले, "गुडघा कसा आहे?"

आणि दातांच्या डॉक्टरांचा पडदा जाऊबाईंच्या मांडीवर. नर्स रागवायच्या. जाऊबाई म्हणायच्या, "खरोखर काम करत असलं पाहिजे, नियम आहे. फुकटचा पगार मी घेत नाही. नाहीतर ह्या मालकीणबाई मला काढून टाकतील." नर्स माझ्याकडे अशा बघायच्या की मी खरीच कुणी दुष्ट मालकीण असावी. मी काय सांगणार? कागदावर होतेच.

एका रविवारी दुपारी पट्टी पूर्ण झाली. त्यांनी दोरा दाताने तोडला, पडदा उलटा केला, सुलटा केला. "बघ," म्हणाल्या. मी पाहिलं. पट्टी कुठे सुरू होते ते मला, कापड कापणारीला, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. मी म्हटलं, आज नाही जात. तर डोळे उघडून म्हणाल्या, "सोमवार आहे ना? मग? ऊठ. कार्ड झोपेल." मी रेंगाळले. "मालकीणबाई," त्या म्हणाल्या, "कामाला लागा."

मी गेले. नंबर लवकर लागला. परत आले तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता, हिरवा, मशीनवर शिवलेला, कड वाकडी. मी पावती हातात धरून त्या कडेकडेच बघत राहिले, कारण पडद्यामागे बघायचं नव्हतं. कार्ड चालू होतं. शेवटपर्यंत चालू होतं, हे मी आजही मान ताठ ठेवून सांगते.

शेवटचा भरणा वेगळ्या अर्जावर असतो. त्यानंतरच्या सोमवारी मी तो घेऊन बसले. बाकावरच्यांनी माझ्या हातातला अर्ज ओळखला. बेकरीवाला सरकला आणि माझ्या शेजारची जागा त्याने तशीच मोकळी ठेवली. खिडकीशी गेले. शिक्केवाल्यांनी अर्ज पाहिला आणि पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं, कारण नियम आहे.

"नोकरी सोडण्याचं कारण," ते अर्जाकडे बघत म्हणाले. "राजीनामा, काढून टाकणं, मुदत संपणं, इतर."

"काढलं नाही हो मी त्यांना," मी म्हटलं.

"नाही. इतर लिहितो." त्यांनी लिहिलं. "कामाचा शेवटचा दिवस?"

"रविवार. पडद्याची पट्टी पुरी केली."

"रविवार चालत नाही. साप्ताहिक सुट्टी धरतात."

"त्यांना चालायचा."

"हो, बाई. पण इथे चालत नाही." त्यांनी नाक पुसलं, स्वेटरच्या बाहीने, दुरुस्त केलेल्या कोपराच्या जरा खाली. "शनिवार लिहू?"

शनिवारचा पगार घेऊन झाल्यावरही त्यांनी काम केलं होतं. शनिवार लिहिला असता तर त्या पट्टीचे टाके फुकटात गेले असते, आणि जाऊबाईंना फुकटचं घेतलेलं जेवढं खपत नसे, तेवढंच फुकट गेलेलंही. "सोमवार लिहा," मी म्हटलं.

"सोमवारी त्यांनी काम केलं? खरोखर केलेलं पाहिजे."

"केलं. सकाळी मला हाकलून इथं पाठवलं. मालकाला कामाला लावलं." माझा आवाज मध्येच कुठेतरी उसवला. "तुम्ही पाहिलंत की. मी आले होते."

"आला होतात," ते म्हणाले, आणि त्यांनी सोमवार लिहिला. मग पॅड उघडलं, शिक्का नीट पुसला, दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश दाबला. पावती माझ्या पुढे केली.

शिक्का सरळ आला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अगदी दोऱ्यात.

मी पावती लांब धरली, जवळ आणली. "वाकडा आहे, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. पॅड उघडलं, आणि शेजारी दुसरा मारला.